साइटवरची चार वर्षे आणि पुढची पदवी

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील स्थापत्य अभियंता असून गेली चार वर्षे एका महामार्गाच्या कामावर आहे. पहिली दोन वर्षे पुलांच्या पायांवर होतो, आता प्लॅनिंगमध्ये आहे. रोजचा प्रगती अहवाल आणि महिन्याचा कार्यक्रम तयार करणे यापलीकडे माझे काम जात नाही, म्हणून प्रकल्प व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करावे, निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेत एम.बी.ए. करावे, पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापकांचे प्रमाणपत्र घ्यावे की कर्ज काढून इंग्लंडला एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी जावे, हे ठरत नाही. घरच्यांचे म्हणणे असे की व्यवस्थापन कामावर शिकता येते, त्यासाठी नोकरी सोडण्याची गरज काय? (वाचक, सांगली)

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. काँक्रीटची गाडी वेळेवर आणणे, शटरिंगच्या टोळीकडून काम करून घेणे आणि मुकादमाची अडचण त्याने सांगण्याआधी ओळखणे या गोष्टी कोणताही वर्ग शिकवू शकत नाही, आणि त्या तुम्ही चार वर्षांत शिकला आहात. पण काम लांबल्यावर त्या लांबण्याची जबाबदारी कोणाची, ती किती दिवसांची आणि किती रुपयांची, हे साइटवर सहसा कोणी शिकवत नाही, कारण ती चर्चा मुख्य कार्यालयाच्या करार विभागात होते आणि प्लॅनिंगच्या मुलाकडून फक्त तक्ते मागवले जातात. या अभ्यासक्रमाचा गाभा मला तिथे दिसतो.

तुमच्याच कामासारखे उदाहरण घेऊ. एका खांबाची जमीन ताब्यात न मिळाल्याने ६० दिवस गेले, आणि त्याच ६० दिवसांतले ४० दिवस ठेकेदाराची क्रेनही बंद होती. ठेकेदार ६० दिवसांची मुदतवाढ आणि भरपाई मागेल. मालक, म्हणजे काम देणारी संस्था, म्हणेल, जमीन मिळाली असती तरी तुमची क्रेन कुठे होती? याचे उत्तर देण्यासाठी तो खांब संकटमार्गावर, म्हणजे ज्या साखळीतील एका दिवसाचा उशीर संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस मागे नेतो त्या साखळीवर, होता का हे सिद्ध करावे लागते. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ मधील मुदतीविषयीचे कलम ५५ आणि नुकसानभरपाईविषयीची कलमे ७३ व ७४ समजावी लागतात, आणि अडथळ्यांची नोंदवही, म्हणजे तुमचे हिंडरन्स रजिस्टर, त्या त्या तारखेला लिहिलेले असावे लागते. माझ्या नोकरीतील एका पुलाच्या कामावर आम्ही हे रजिस्टर आठ महिने लिहिलेच नव्हते. मुदतवाढ मिळाली, भरपाईचा एक रुपयाही मिळाला नाही, आणि लवादापुढे आमची बाजू खरी असूनही कागद रिकामा होता. त्याची खंत मला आजही आहे.

दुसरा विषय अर्जित मूल्याचा, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडून पाहण्याचा. आजवर १० कोटींचे काम व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ८ कोटींचे झाले आणि त्यावर ९ कोटी खर्च झाले, तर वेळेचा निर्देशांक ०.८ आणि खर्चाचा साधारण ०.८९ येतो. गणित शाळेतले आहे. पण ८ कोटींचा आकडा कोणी, कोणत्या मोजमापावरून धरला, हे विचारण्याची सवय लागणे हे खरे शिक्षण आहे. ज्या अभ्यासक्रमात प्रायमाव्हेरा हे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात आणि करार, जोखीम व लवाद एका सत्रात उरकतात, तो मी तुम्हाला सुचवणार नाही. सॉफ्टवेअर तुम्ही दोन महिन्यांत शिकाल.

जोखमीच्या विषयाचे महत्त्व जाणून घ्यायचे असेल तर कोकण रेल्वेचा अभ्यास करा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, त्याचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी उलटी मोजणी दाखवणारी घड्याळे कार्यालयांत लावून मुदतीची जाणीव सर्वांपुढे ठेवली, आणि तरीही मऊ मातीतील नऊ बोगद्यांनी, त्यातही गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने, वेळापत्रक मोडले. संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. जमिनीच्या पोटात काय निघेल याची जोखीम करारात कोणी उचलायची, या प्रश्नाला आजही प्रत्येक बोगद्याच्या कामात नव्याने सामोरे जावे लागते.

आता तुमच्या पर्यायांकडे वळू. पीएमपी ही पदवी नव्हे. चार वर्षांची पदवी असलेल्याला त्यासाठी प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते, आणि दर तीन वर्षांनी पुढील प्रशिक्षणाचे ६० गुण मिळवून ते प्रमाणपत्र टिकवावे लागते. मुलाखतीत ते उपयोगी ठरते, पण विषयाच्या खोलात ते नेत नाही. तीन-चार वर्षांनी घ्या. निकमार १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापनच शिकवत आली आहे, पुण्यात आता तिचे विद्यापीठ आहे आणि या उद्योगाशी तिचे नाते जुने आहे. पण शुल्काचा आकडा मासिक पगाराशी ताडून पाहा. गेटमार्गे एम.टेक. केल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळू शकते, आणि गेटचे गुण तीन वर्षे चालतात, म्हणजे परीक्षा देऊनही प्रवेश पुढे ढकलता येतो. लार्सन अँड टुब्रोची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने तुमच्या हातून गेली आहे. घरात धाकटे कोणी शिकत असेल तर त्याला जरूर सांगा.

इंग्लंडबद्दल मी सावध आहे. लीड्ससारख्या विद्यापीठात हा विषय चांगला शिकवतात, परंतु तिथे एनईसी या ब्रिटिश नमुन्याच्या करारांवर भर असतो. आपल्याकडे जागतिक बँक किंवा जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जावरील कामांत फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या नमुन्याच्या धर्तीचे करार येतात, आणि उरलेली बरीच कामे सरकारी नमुन्यांवर चालतात. शिवाय पदवीनंतर तिथे नोकरीसाठी राहण्याची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येत आहे. घर गहाण ठेवून या भरवशावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की वर्षभर याच कंपनीत करार विभागात बदली मागा, येत्या फेब्रुवारीत गेट द्या आणि पुढच्या वर्षी बांधकाम व्यवस्थापनाच्या एम.टेक.ला प्रवेश घ्या. मुंबईचे व्हीजेटीआय किंवा एखादे आयआयटी मिळाले तर उत्तम. निघण्याआधी वरिष्ठांची परवानगी घेऊन आपल्या महामार्गाच्या उशिराच्या नोंदी प्रबंधासाठी मागून ठेवा. नंतर त्या मिळणार नाहीत.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून एका रसायन कारखान्यात देखभाल पाहते. हा अभ्यासक्रम केवळ स्थापत्यवाल्यांसाठी असतो का? (वाचक, रोहा)

उत्तर : मुळीच नाही. संकटमार्गाची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ या रसायन कंपनीतच आकाराला आली, आणि तिच्या लुइव्हिल येथील कारखान्यात देखभालीच्या बंदचा काळ या पद्धतीमुळे १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. तुमच्या शटडाऊनमध्ये प्रत्येक तासाचे मोल किती असते हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मात्र प्रवेश घेताना अभ्यासक्रमात यंत्रसामग्रीची खरेदी, उभारणी आणि चालू करून देण्याचे टप्पे शिकवतात का, हे विभागप्रमुखांना लेखी विचारा, आणि गेल्या दोन वर्षांच्या प्रबंधांची यादी मागवा. त्यात केवळ इमारती आणि रस्ते दिसले तर दुसरी संस्था पाहा.