बॉल मध्ये आहे, तरी साइडस्लिप?

प्रश्न : दोन इंजिनांच्या विमानावर प्रशिक्षण घेतोय. डावं इंजिन बंद केल्यावर पंख सरळ ठेवले आणि उजवा रडर (शेपटीवरचा, पायाने चालवायचा उभा पट्टा) दाबून पॅनेलवरच्या घसरण-दर्शकाचा बॉल बरोबर मध्ये आणला, तरी प्रशिक्षक म्हणतात, साइडस्लिप आहे, म्हणजे विमान बाजूला घसरतंय. हे कसं?
– प्रशिक्षणार्थी वैमानिक, बारामती

उत्तर : प्रशिक्षकांचं बरोबर आहे. हवा समोरून येतेय की तिरकी, हे बॉलला कळत नाही; विमानावरची आडवी बलं एकमेकांना फिटली की तो मध्ये येतो. उजवा रडर दाबला की शेपूट डावीकडे ढकललं जातं आणि त्या बलाने अख्खं विमान डावीकडे, म्हणजे बंद इंजिनाकडे, सरकू लागतं. मग तिरकी हवा धडावर उजवीकडे दाब देते आणि हिशेब जुळतो. बॉल मध्ये, पण धड हवेला आडवं!

याची किंमत मोठी आहे. ड्रॅग (हवेचा अवरोध) वाढतो, आणि एका इंजिनावर चढाईची ताकद आधीच जेमतेम असते. शिवाय तीच हवा फिनवर (शेपटीच्या उभ्या पंखावर) डावीकडून आदळून नाक आणखी डावीकडे वळवते, त्यामुळे रडर जास्त लागतो.

उपाय : चालू इंजिनाकडे 2 ते 3 अंश बँक, म्हणजे त्या बाजूचा पंख किंचित खाली झुकवा. वजनाचा आडवा घटक रडरचं बल तोलतो आणि बॉल चालू इंजिनाकडे साधारण अर्धा सरकलेला दिसतो. तो तसाच राहू द्या. नाकावर लोकरीचा दोरा चिकटवला, तर तो सरळ मागे जाताना दिसेल. जास्त बँक मात्र नको, विमान उलट बाजूला घसरेल आणि चढाई पुन्हा घटेल.

एअरस्पीड इंडिकेटरवरची लाल रेघ, म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग (पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या विमानावर 56 नॉट), 5 अंशांपर्यंत बँक धरून ठरवलेली असते. पंख सरळ असतील तर नियंत्रण त्याहून बऱ्याच जास्त वेगाला सुटू शकतं. ढोबळमानाने दर अंशाला 3 नॉट धरा. म्हणून निळी रेघ, म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगल्या चढाईचा वेग (सेमिनोलवर 88 नॉट), सोडू नका.

बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर करण्याची, म्हणजे त्याची पाती हवेच्या धारेत वळवून अवरोध कमी करण्याची, घाईही नको. रडर दाबावा न लागणारा, मोकळा पाय ज्या बाजूचा, त्या बाजूचं इंजिन बंद पडलेलं. पण त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करा, मगच फेदर. 2015 मध्ये तैपेईत एटीआर 72 च्या वैमानिकाने चालू इंजिनच बंद केलं होतं. सेमिनोलमध्ये प्रोपेलर 950 आरपीएमच्या खाली गेला की फेदर होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पूर्ण रडर देऊनही नाक वळतच राहिलं, तर चालू इंजिनाचा थ्रॉटल लगेच कमी करा आणि नाक खाली घ्या.