दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकेवर उतरताना विमान पेटलं, तर वैमानिक वाचायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे उतरण्याआधीच कॉकपिटची काच मागे सरकवून अडकवायची. आदळल्यावर चौकट वाकली की काच जागेवरच अडकते, आणि आत बसलेला माणूस सापळ्यात सापडतो. खांद्याचे पट्टेही आधीच घट्ट करायचे, नाहीतर डोकं समोरच्या गनसाइटवर, म्हणजे नेम धरायच्या यंत्रावर, आपटतं.

तेव्हाचा डेक, म्हणजे नौकेवरची धावपट्टी, सरळ होता. विमानाच्या शेपटीकडच्या हुकाला डेकवर आडव्या ताणलेल्या, विमान थांबवणाऱ्या तारांपैकी एकही सापडली नाही, तर पुढे उभी असलेली विमानं वाचवायला ताणलेले केबलचे अडथळे असत. त्यांत नाकावरचा फिरता पंखा अडकला की विमान बऱ्याचदा नाकावर उभं राहायचं. खरा धोका पोटाखालच्या जादा टाकीचा. ती फुटली की पेट्रोल डेकवर पसरतं आणि एक ठिणगी पुरते.

१० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकेच्या 'एंटरप्राइज'वर हेच झालं. वैमानिक बायरन जॉन्सन यांचं हेलकॅट हे लढाऊ विमान डेकवर आदळून पेटलं. कॅटापुल्ट (डेकवरून विमानं वेगाने सोडणारं यंत्र) सांभाळणारे अधिकारी वॉल्टर च्यूनिंग त्या पेटत्या टाकीवरच पाय देऊन कॉकपिटपर्यंत चढले. त्या क्षणाचा फोटो आजही पाहायला मिळतो. जॉन्सन मोठी इजा न होता बाहेर पडले.

वैमानिकाने स्वतः करायचं ते एवढंच: इंधन बंद, इग्निशन बंद, पट्टे सोडायचे आणि ज्या बाजूला आग कमी त्या बाजूने पंखावर उतरून पळायचं. बाकी भिस्त डेकवरच्या माणसांवर. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूट घातलेली माणसं आणि फेसाच्या नळ्या उतरण्याच्या वेळी तयारच ठेवलेल्या असत.