जपानी शिकायचंय, पण लिपी कुठली आधी?

प्रश्न : जपानीत तीन लिप्या आहेत म्हणे. सुरुवात कशाने करू? रोमन अक्षरांवर भागेल का?

उत्तर : रोमनवर भागवू नका, पाट्या, पुस्तकं वाचायची वेळ आली की अडाल. आधी हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ उच्चारलिपी. मूळ अक्षरं 46, रोज पाच गिरवलीत तर दहा दिवसांत होतात. क्रम आपल्याला परका नाही : आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म. तो भारतीय वर्णमालेवरूनच तिकडे गेला. 'का'वर दोन बारीक रेघा दिल्या की 'गा'.

मग काताकाना, तीही 46, परकी नावं आणि शब्द लिहायला. इथे 'शि' आणि 'त्सु' हमखास घोटाळा करतात. 'शि'च्या छोट्या रेघा एकाखाली एक, लांब रेघ खालून वर. 'त्सु'च्या शेजारी शेजारी, लांब रेघ वरून खाली. रेघांचा क्रम न पाळता नुसतं चित्र काढलं की दोन्ही सारखीच दिसतात. आणि 'ल' नाही, म्हणून विमलचं सहसा 'बिमारु' होतं!

दीर्घ स्वर गिळू नका : 'ओबासान' मावशी, 'ओबाऽसान' आजी.

कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थदर्शक चिन्हं, सर्वांत शेवटी. नित्य वापराची सरकारी यादी 2136 चिन्हांची आहे. ती सुटी पाठ न करता शब्दांतूनच शिका.