डोळ्याचा फोटो आधी स्वतः वाचायला शीक

प्रश्न : मी परभणीची. संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीला बरीच वर्षं शुगर होती. डोळ्याचा पडदा खराब झालाय हे कळलं, तोवर एका डोळ्याची नजर गेली होती. मागे एका शिबिरात कॅमेऱ्याने फोटो काढून संगणक डोळ्याचा पडदा तपासताना पाहिला. त्याला हे कळतं कसं, हाच विचार तेव्हापासून डोक्यात आहे. मला यातच काम करायचंय. मामा म्हणतात, इंजिनिअरिंग सोड आणि पुन्हा ‘नीट’ दे. मैत्रिणी म्हणतात, सहा महिन्यांचा ‘हेल्थकेअर एआय’चा कोर्स कर. काय करू?

उत्तर : इंजिनिअरिंग सोडू नकोस. मामा काळजीपोटी बोलतात, पण तुझ्या पत्रात रुग्णावर उपचार करायची ओढ कुठे दिसत नाही. ‘त्याला कळतं कसं’ हा प्रश्न इंजिनिअरचा आहे.

आजीबद्दल वाचून वाईट वाटलं. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात; पण मधला भाग शाबूत आहे तोवर दिसण्यात फरक पडत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही. नजर चांगली असतानाच दरवर्षी पडदा तपासायला हवा, आणि एवढ्या लोकांना तपासायला पडद्याचे डॉक्टर पुरत नाहीत. तुझं क्षेत्र उभं राहिलं ते या तुटवड्यामुळे. 2016 मध्ये गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून जास्त फोटोंवर शिकवलेली, पडद्याचा हा आजार ओळखणारी संगणक प्रणाली जगापुढे मांडली. त्यातले काही फोटो मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय, चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचं नारायण नेत्रालय इथले होते. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरशिवाय निदान देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला परवानगी दिली.

पण तू सुरुवात नांदेडपासून कर. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी नांदेडच्याच एका नेत्रचिकित्सालयातले 516 फोटो घेऊन ‘आयडीआरआयडी’ हा संच तयार केला. 2018 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आज जगभरचे विद्यार्थी तो वापरतात. 81 फोटोंवर तर प्रत्येक रक्तस्राव, प्रत्येक पिवळट डाग पिक्सेलगणिक आखून दिलाय. तुझ्या घरापासून तासाभरावर हे काम झालंय, हे मी मुद्दाम सांगतेय.

तो संच उतरवून घे आणि पहिला महिना कोड लिहू नकोस, फोटो बघ. सुरुवातीच्या आजाराची खूण म्हणजे एक लालसर ठिपका. फोटो 4288 पिक्सेल रुंद आहे. मॉडेलला, म्हणजे फोटोंवरून आजार ओळखायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, देण्यासाठी तो 512 वर आणलास, तर दहा पिक्सेलचा ठिपका जेमतेम एका पिक्सेलचा उरतो. जे शोधायचं तेच आपण पुसून टाकतो आणि मग मॉडेलला दोष देतो. तसंच कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या धुळीचं. तिचा डाग पडद्यावरच्या डागासारखा दिसतो. मात्र तो एकामागून एक सगळ्या रुग्णांच्या फोटोत त्याच जागी असतो. फोटो काढणारा तंत्रज्ञ हे एका नजरेत ओळखतो. तुलाही ओळखता आलं पाहिजे.

म्हणून सुट्टीत एखाद्या पडद्याच्या डॉक्टरांकडे किंवा नेत्ररुग्णालयात बसायची परवानगी माग. थेंब टाकून बाहुली मोठी होईपर्यंत रुग्ण किती वेळ बसतो, मोतीबिंदू असला की फोटो कसा धुरकट येतो, ओसीटी या प्रकाशाने केलेल्या स्कॅनमध्ये पडद्याचे थर कसे दिसतात, ते बघ. थायलंडमध्ये गूगलची प्रणाली दवाखान्यांत नेली, तेव्हा सुमारे एक पंचमांश फोटो तपासण्याजोगे नाहीत म्हणून तिने नाकारले होते. खोलीत पुरेसा अंधार नसणं हे त्यामागचं एक कारण. प्रयोगशाळेत बसून हे कुणाच्या लक्षात येणार?

सहा महिन्यांच्या कोर्सला पैसे घालू नकोस. त्यात तयार मॉडेल चालवायला शिकवतात, ते तू दोन रविवारांत शिकशील. त्याऐवजी कॉलेजात रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र आणि इमेज प्रोसेसिंग मन लावून कर. संख्याशास्त्र विशेषतः, कारण आजारी माणसाला ‘तू ठीक आहेस’ असं सांगणारी चूक किती वेळा होते, हे मोजता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

नोकऱ्यांचं खरं सांगते. जागा मोजक्या आहेत आणि संशोधनाच्या कामाला बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. मागतात. बंगळुरूच्या फोरस आणि रेमिडिओ या कंपन्या पडद्याचे कॅमेरे बनवतात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र काम करतात. शिवाय वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअर भारतातही वैद्यकीय उपकरण मानलं जातं, त्यामुळे ते तपासून प्रमाणित करणारी माणसं लागतात. या कामाकडे मुलं फारशी बघत नाहीत, तू बघ. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकलचा आणि 2024 पासून डेटा सायन्स व एआयचा पेपर आहे. आयआयटी मुंबई किंवा हैदराबादला जायचं असेल, तर तुझी पदवी आणि कोणता पेपर चालतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून मगच ठरव.

आणि रुग्णालयात बसशील तेव्हा एक पाळ. डॉक्टरांनी स्वतः दिला तरी रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक असलेला एकही फोटो मोबाइलमध्ये घेऊ नकोस.