बाइकचं इंजिन पहिल्यांदाच उतरवताय? आधी एवढं वाचा

घाबरू नका, घरी होतं हे काम. फक्त एकट्याने उचलायला जाऊ नका. कंबर धरली की गाडी महिनाभर तशीच पडून राहते. (स्वानुभव.)

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, ऑइल काढा, प्रत्येक जोडणीचा फोटो घ्या.

पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) नट चेन असतानाच सैल करा, कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायचा. इंजिन बाहेर आल्यावर पाना लावाल तर नटाबरोबर स्प्रॉकेटच फिरतं. नवखे हमखास इथेच फसतात.

हेड-सिलिंडर (इंजिनचा वरचा भाग) उघडणारच असाल तर आधी काढा, वजन उतरतं.

इंजिनखाली फळी ठेवून जॅक लावा, मगच इंजिन फ्रेमला धरणारा शेवटचा बोल्ट काढा. तो अडकला तर जॅक केसभर वर-खाली करा. हातोडा मारलात तर आटे गेलेच.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, मग पाना.