चायनीज आणि आफ्रिकन मॅनेजमेंटची तुलना करतोयस तर आधी हे बघ

भावा, 'आफ्रिकन मॅनेजमेंट' असं एकच काही धरून बसू नकोस, ५४ देश आहेत तिथे, एक उदाहरण घे आणि खोलात जा. मी म्हणेन नायजेरियातल्या इग्बो लोकांची शिकाऊ पद्धत बघ. पोरगा ओगाकडे म्हणजे मालकाकडे पाच-सात वर्षं राहतो, दुकान झाडण्यापासून माल पारखण्यापर्यंत सगळं करतो, पगार नसतो पण मुदत संपली की ओगा त्याला स्वतःचं दुकान टाकायला भांडवल देतो, त्याला सेटलमेंट म्हणतात. १९७० ला बियाफ्राचं युद्ध, म्हणजे इग्बो लोकांच्या भागाने नायजेरियातून वेगळं व्हायला केलेलं युद्ध, संपलं तेव्हा त्यांच्या बँकेत कितीही पैसे असोत, हातात २० पौंडच मिळाले, आणि तिथून या लोकांनी धंदे परत उभे केले, मला खरंच भरून येतं हे आठवलं की.

आता चीन. १९८५ ला छिंगदाओ शहरात हायर या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झांग रुईमिन यांनी ७६ खराब फ्रिज बाजूला काढून कामगारांच्याच हातात घण दिला, फोडा म्हणाले. पण लगेच 'चीन म्हणजे वरून हुकूम' असं लिहू नकोस हां, याच हायरने २००५ पासून रेनदानहेयी नावाची पद्धत आणली, म्हणजे छोट्या टीम, नफातोटा ज्याचा त्याने बघायचा. फरक एवढाच की तिथे टीम बहुतेक कंपनीच्या आतच राहते आणि ओगाचा पोरगा बाहेर पडून शेजारीच दुकान टाकू शकतो. तुझी खरी तुलना इथे आहे, इथे वेळ घाल. उबुंटू म्हणजे 'आपण आहोत म्हणून मी आहे' हा विचार, ते वगैरे नंतर, तो शब्द दक्षिण आफ्रिकेकडचा, नायजेरियातल्या लागोसच्या दुकानाला चिकटवू नकोस.