खिशातला घडीचा चाकू निवडताना

प्रश्न : रोज जवळ ठेवण्यासाठी मला घडीचा चाकू घ्यायचा आहे. डब्यातले फळ कापणे, पार्सल उघडणे आणि राजगडाच्या वाटेवर प्रसंगी दोरी कापणे, एवढेच काम आहे. बोहरी आळीत अगदी स्वस्त चाकूही मिळतात, तर परदेशी चाकू बरेच महाग दिसतात. नेमके काय पाहून घ्यावे, आणि चाकू खिशात बाळगण्यात कायद्याची अडचण आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : या कामांना सात-आठ सेंटिमीटरचे, साध्या धारेचे पाते पुरते. दातेरी धार दोरी झटकन कापते, पण तिला घरी धार लावणे अवघड असते. पाते फार जाडही नसावे. जाड पाते भक्कम वाटते, मात्र सफरचंदात अर्ध्यावर गेले की ते कापायचे सोडून फळ फाडू लागते.

खरी परीक्षा बिजागरीची आणि उघडे पाते मिटू न देणाऱ्या लॉकची. दुकानातच चाकू पूर्ण उघडून, पाते पाठीकडून चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. हालचाल जाणवली तर तो चाकू घेऊ नये, कारण वापराने हा ढिलेपणा वाढतच जातो. मग बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने मूठ धरून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्यावा, लॉक सुटता कामा नये. काही चाकूंत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. ती नीट टेकते की जेमतेम कडेला अडकते, हे उजेडात पाहावे. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या आठ नंबरच्या चाकूला साडेआठ सेंटिमीटरचे पाते आणि ते पक्के अडवण्यासाठी फिरवायचे कडे असते. १९५५ पासूनची ही रचना मला तिच्या साधेपणामुळे फार आवडते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या नेहमीच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब असलेल्या चाकूला लॉक नसते, पाते केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. फळांसाठी ते उत्तम आहे, पण टोक खुपसून भोक पाडायला गेल्यास पाते बोटांवर मिटू शकते.

पुण्यातल्या पावसाळ्याचा विचार करता मी स्टेनलेस पाते सुचवीन. कार्बन पोलादाला धार चटकन लागते हे खरे, परंतु कैरी कापून ते तसेच मिटले की काळवंडते आणि ओलीत लवकर गंजते. स्वस्त पात्यांवरची दमास्कस पोलादासारखी लाटांची नक्षी पुष्कळदा वरवर छापलेली असते, तिला भुलू नये. चाकूबरोबर धार लावायचा एक चांगला दगडही घ्यावा. दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांचा कोन सांभाळून पाते घासावे. पलीकडच्या बाजूला सुतासारखी बारीक किनार बोटाला जाणवली, की पाते उलटावे. बिजागरीत तेलाचा एक थेंब पुरे.

कायद्याचे म्हणाल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त ठरावीक काळापुरती चाकू बाळगण्यास मनाई करू शकतात, आणि पुण्यात असे आदेश वेळोवेळी निघतात. त्या काळात चाकू घरीच ठेवावा. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू घेऊच नये, कारण फळे कापण्याला त्याची गरज नाही आणि पोलिसांनी विचारल्यास उत्तर देणे कठीण होते. विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, तो चेक-इन बॅगेत ठेवावा लागतो.